गिझर बिघडला: आधी दोष शोधा, मग खर्च सांगा

"पाणी तापत नाही" एवढं फोनवर ऐकलं की "कॉइल गेली असणार, इतके लागतील" असं सांगून मोकळं होण्याची सवय फार पसरली आहे. कॉइल बदलली जाते, काही दिवसांत नवीही जळते, आणि मग पैशांवरून वाद सुरू होतो. कॉइल जळाली होती हे खरं असतं, पण ती का जळाली हे कुणी पाहिलेलंच नसतं. खर्चाचा आकडा तक्रारीवरून काढायचा नसतो, मीटरवर दिसलेल्या आकड्यावरून काढायचा असतो. त्यासाठी कामाचा क्रम पाळावा लागतो, आणि चुका होतात त्या तिथेच.

हा लेख विजेवर चालणाऱ्या, टाकीत पाणी साठवून तापवणाऱ्या गिझरबद्दल आहे. गॅस गिझरचं काम वेगळं आणि त्यातले धोकेही वेगळे, त्यामुळे त्याला हे टप्पे लावू नका. पहिले तीन टप्पे घरातलं कुणीही करू शकतं. चौथ्यापासून पुढे वायरिंगचं काम येणाऱ्यानेच हात घालावा. तरी घरमालकांनी शेवटपर्यंत वाचावं, कारण कोणती मोजमापं घ्यायला हवी होती हे कळलं तरच हातात आलेलं बिल तपासता येतं.

टप्पा १: तक्रार नेमकी करून घ्या

"चालत नाही" ही तक्रार पुरेशी नाही. पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा.

- पाणी अजिबात तापत नाही, कोमट होतं, की चांगलं तापतं पण लवकर संपतं?
- गिझरवरचा दिवा लागतो का? लागला तर कधी विझतो?
- ब्रेकर पडतो का? पडत असेल तर कोणता, एमसीबी की आरसीसीबी? स्विच टाकताक्षणी, की दहा-पंधरा मिनिटांनी?
- गळत असेल तर सतत गळतं, की फक्त तापत असताना?
- गिझर किती वर्षांचा आहे? आधी काय काय बदललं आहे?

ब्रेकरचा प्रश्न कधीच गाळू नका. एमसीबी पडतो तो जादा करंटमुळे किंवा शॉर्टमुळे. आरसीसीबी पडतो तो वीज जमिनीकडे गळत असल्यामुळे. दोन्हींचा शोध वेगवेगळ्या जागी घ्यावा लागतो. आरसीसीबी स्विच टाकताक्षणी पडला तर कॉइलचं कवच फुटलेलं असण्याची किंवा वायर गिझरच्या धातूच्या अंगाला लागलेली असण्याची शक्यता मोठी. पाणी तापल्यावर पडला तर कवचाला बारीक तडा असू शकतो, जो गरम झाल्यावरच उघडतो. गिझरचा स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडत असेल तर न्यूट्रल गिझरच्या अंगाला लागलं आहे का ते पाहा. साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलंच राहतं.

"लवकर संपतं" या तक्रारीत पुष्कळदा दोष नसतोच. १५ लिटरच्या टाकीतलं ६० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांवर आणलं, तर फार तर ३० लिटर होतं. मिनिटाला १० लिटर सोडणारा शॉवर ते तीन मिनिटांत संपवतो. अशा घरी कॉइल विकणं म्हणजे फसवणूक आहे. तिथे मोठी टाकी किंवा कमी धारेचा शॉवर हाच उपाय.

तपासा: वॉरंटी कार्ड पाहिलं का? टाकी, कॉइल आणि बाकी भाग यांची मुदत बहुधा वेगवेगळी असते. मुदत शिल्लक असताना बाहेरच्या माणसाने झाकण उघडलं तर हक्क जाऊ शकतो.

टप्पा २: झाकण न उघडता पाहण्यासारखं

आधी पाणी. गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा. धार सलग येते आहे ना, मधे हवा फुसफुसत नाही ना, हे पाहा. पाणी येतच नसेल तर स्विच टाकू नका. रिकाम्या टाकीत कॉइल थोड्याच वेळात जळते.

मग प्लग. एमसीबी बंद करा, प्लग काढा आणि पिना उजेडात पाहा. एक पिन काळी पडलेली, भोवतालचं प्लास्टिक पिवळट किंवा वितळलेलं दिसलं तर सैल जोड सापडला. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो आणि ३००० वॅटचा सुमारे १३. एवढा करंट रोज सैल पिनेतून गेला की पिन तापते, त्यामुळे जोड आणखी सैल होतो आणि शेवटी सॉकेट जळतं. असा प्लग दिसला तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुना भाग नव्याला खातो.

मग मिक्सर नळ. ही तपासणी जवळपास सगळे विसरतात. गिझर बंद करा, गिझरकडे येणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. थांबली नाही, तर कुठल्यातरी मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत शिरतं आहे. अशा वेळी गिझर कितीही चांगला असला तरी नळाला कोमटच पाणी येणार. दुरुस्ती मिक्सरच्या कार्ट्रिजची करायची असते, गिझरला हात लावायची गरज नसते.

टप्पा ३: तापायला लागणारा वेळ मोजा

यासाठी घड्याळ आणि थर्मामीटर पुरतं. नळातून थंड पाणी येईपर्यंत गरम नळ सोडून ठेवा, म्हणजे टाकीत सगळं थंड पाणी भरेल. त्याचं तापमान घ्या. नळ बंद करा, गिझर चालू करा आणि दिवा विझेपर्यंतचा वेळ लिहा. मग नळ सोडा, पाइपमधलं सुरुवातीचं थंड पाणी वाहून जाऊ द्या आणि पुन्हा तापमान घ्या.

किती वेळ लागायला हवा, याचं सूत्र असं:

मिनिटं = लिटर × तापमानातली वाढ (अंशांत) × ०.०७ ÷ किलोवॅट

१५ लिटर पाणी २००० वॅटच्या कॉइलने २५ वरून ६० अंशांवर न्यायला १५ × ३५ × ०.०७ ÷ २, म्हणजे सुमारे १८ मिनिटं लागतात. २५ लिटरला साधारण ३१. बाहेर जाणारी उष्णता धरून मिनिट-दोन मिनिटं जास्त समजा.

आता अर्थ लावा.

वेळ आणि तापमान दोन्ही जुळले तर गिझर ठीक आहे. दोष मिक्सरमध्ये, पाइपमध्ये किंवा वापरात शोधा.

दिवा लवकर विझला आणि पाणी कोमट निघालं, तर थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) वेळेआधी तोडतो आहे. सेटिंग खाली असेल, थर्मोस्टॅट बिघडला असेल किंवा त्याच्या नळीभोवती क्षार साचला असेल.

वेळ खूपच जास्त लागला तर आधी व्होल्टेज पाहा. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळत असतील तर २००० वॅटची कॉइल सुमारे १५०० वॅटच देते आणि वेळ एक तृतीयांशाने वाढतो. यात बदलण्यासारखा कोणताच भाग नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "क्षार बसलाय म्हणून दुप्पट वेळ लागतो" असं सर्रास सांगितलं जातं. कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिने ओढलेली वीज उष्णता होऊन शेवटी त्याच पाण्यात जाते, मध्ये क्षाराचा थर असला तरी. क्षारामुळे कॉइल आतून जास्त तापते, लवकर जळते आणि तापताना तडतड आवाज येतो. थर्मोस्टॅटही फसतो. पण कॉइल सलग चालू असूनही वेळ दुप्पट लागत असेल तर वीज कमी मिळते आहे किंवा गरम पाणी कुठेतरी निघून जातं आहे. तिथे नुसती साफसफाई करून पैसे घेतले तर तक्रार परत येणारच.

इशारा: दिवा विझतच नाही, नळातून वाफ येते, सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरतो, असं काही दिसलं तर चाचणी थांबवा. एमसीबी बंद करा आणि टाकी निवेपर्यंत नळाला हात लावू नका. थर्मोस्टॅट बहुधा चिकटला आहे, म्हणजे वीज तोडत नाही.

टप्पा ४: वीज तोडून झाकण उघडा

एमसीबी बंद करा, प्लग काढा, आणि ब्रेकरवर चिकटपट्टी लावा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी तो चालू करणार नाही. झाकण उघडल्यावर मीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही ठिकाणी शून्य व्होल्ट आहे याची खात्री करा. त्याआधी आणि त्यानंतर तोच मीटर चालू सॉकेटवर लावून पाहा. बंद पडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

कुठलीही वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. मग हात न लावता नीट बघा. काळा पडलेला थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी), फुगून कडक झालेलं इन्सुलेशन, कॉइलच्या टर्मिनलपासून खाली ओघळलेली क्षाराची पांढरी रेघ, फ्लँजच्या (कॉइल ज्यावर बसते त्या तबकडीच्या) कडेला गंज. पांढरी रेघ दिसली की गॅस्केटमधून (फ्लँजखालच्या रबरी चकतीतून) किंवा टर्मिनलच्या बुडातून पाणी झिरपतं आहे हे मीटर लावण्याआधीच कळतं.

टप्पा ५: मीटर लावायचा क्रम

क्रम बाहेरून आत. आधी वायर, मग कटआऊट (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा भाग), मग थर्मोस्टॅट, शेवटी कॉइल. उलट क्रमाने गेलात तर दोष नसलेला भाग बदलला जाण्याची शक्यता वाढते.

वायर आणि अर्थिंग. प्लगच्या अर्थ पिनेपासून टाकीच्या धातूपर्यंत रोध जवळजवळ शून्य यायला हवा. सॉकेटमध्ये अर्थ प्रत्यक्ष पोहोचली आहे का, हे वेगळं तपासा. अर्थिंग नसलेला गिझर दुरुस्त करून चालू करून देऊ नका. ग्राहकाने "ते राहू द्या" म्हटलं तरी नाही.

कटआऊट. रीसेटचं बटण असलेला प्रकार असेल तर हलकेच दाबा. टक असा आवाज आला म्हणजे तो पडलेला होता. इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते: बटण दाबलं, पाणी तापलं, पैसे घेतले, निघालो. कटआऊट थर्मोस्टॅटच्या वरच्या तापमानाला पडतो. तो पडला याचा अर्थ थर्मोस्टॅटने वेळेवर तोडलं नाही, टाकीत पाणी नव्हतं किंवा क्षाराने उष्णता कोंडली. यातलं कोणतं, हे कळेपर्यंत काम पूर्ण झालेलं नाही.

थर्मोस्टॅट. थंड असताना संपर्क जोडलेला असतो, मीटर शून्याजवळ दाखवतो. त्याची दांडी सेटिंगपेक्षा गरम पाण्यात बुडवली की टक करून सुटायला हवा. थंड असताना उघडा असेल तर निकामी. गरम असताना जोडलेलाच राहत असेल तर धोकादायक. तो साफ करून, ठोकून पुन्हा बसवू नका.

कॉइल. दोन्ही टर्मिनलवरच्या वायर सोडवा. वायर तशाच ठेवून मोजलं तर दुसऱ्या वाटेचा रोध मिसळून आकडा चुकतो. २३० व्होल्टच्या कॉइलला साधारण असे आकडे यायला हवेत:

- १००० वॅट: ५३ ओहम
- १५०० वॅट: ३५ ओहम
- २००० वॅट: २६ ओहम
- ३००० वॅट: १८ ओहम

मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. आकडा जुळला तरी काम संपत नाही. टर्मिनल आणि कॉइलचं धातूचं कवच यांच्यामधला रोध मोजा. साधा मल्टिमीटर काही व्होल्टवरच मोजतो, त्यामुळे बारीक तडा त्याला दिसत नाही. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारा मीटर, लावा. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर आरसीसीबी पडण्याचं कारण बहुधा सापडलं. डिजिटल पॅनलचा गिझर असेल तर मेगर लावण्याआधी त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड सोडवून बाजूला ठेवा, नाहीतर तेच जळेल.

तपासा: प्रत्येक आकडा कागदावर लिहिला का? पुढे खर्च सांगताना याच कागदाचा आधार घ्यायचा आहे.

टप्पा ६: गळती कुठून, ते ठरवा

बाहेरच्या पत्र्यावरून थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी फोममधून वाट काढत भलतीकडून बाहेर येतं. सगळे जोड कोरडे पुसा, प्रत्येकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि पाण्याचा दाब तसाच ठेवून थांबा. पहिला ओला झालेला कागद दोषाची जागा दाखवतो.

जोडातून गळत असेल तर टेफ्लॉन टेप किंवा वायसर. फ्लँजमधून असेल तर गॅस्केट. टाकीच्या शिवणीतून किंवा पत्र्यातून असेल तर टाकी गेली. तिला वेल्डिंग किंवा लांबी लावून पैसे घेऊ नयेत. आतलं काचेचं अस्तर उष्णतेने उडतं आणि टाकी शेजारीच पुन्हा फुटते.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना चार थेंब पडले तर तो दोष नाही. पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे दीड टक्क्याने फुगतं. १५ लिटरमागे जवळपास पाव लिटर जास्तीचं पाणी होतं, आणि आत येणाऱ्या लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर त्याला बाहेर पडायला हीच वाट असते. गिझर थंड असतानाही सतत गळत असेल तर लाइनीचा दाब मोजा किंवा व्हॉल्व्ह बदला.

इशारा: गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारू नका. बूच मारलेला व्हॉल्व्ह आणि चिकटलेला थर्मोस्टॅट एकत्र आले तर टाकी फुटते.

टप्पा ७: भाग का गेला, हे लिहा

निकामी भागासमोर कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉइल जाड क्षाराने भरली असेल तर पाणी जड आहे. नुसती कॉइल बदलून भागणार नाही, टाकीच्या तळाचा गाळ काढावा लागेल आणि तापमान ६०च्या आत ठेवायला सांगावं लागेल. कॉइल स्वच्छ आहे पण जळून फुटली आहे, तर ती कोरडी चालली. पाणी मधेच का जातं ते शोधा. टर्मिनल जळालं आहे पण कॉइलचा रोध बरोबर आहे, तर थिंबल सैल होता. नवा थिंबल घट्ट दाबून बसवला की काम होतं.

फ्लँज उघडलाच आहे तर अॅनोड रॉड जरूर पाहा. मॅग्नेशियमची ही दांडी टाकीऐवजी स्वतः झिजते. मधली तार दिसायला लागली किंवा दांडी निम्म्याहून बारीक झाली तर बदला. गरम पाण्याला गंजाचा रंग येत असेल तर ती बहुधा केव्हाच संपलेली असते.

टप्पा ८: खर्चाचा अंदाज बांधा

एकच गोळाबेरीज आकडा सांगू नका. पाच ओळी करा.

१. येण्याचे आणि तपासणीचे पैसे. दुरुस्ती झाली नाही तरी हे द्यावे लागतील, असं दाराशी पोहोचण्याआधी सांगा.
२. निकामी भाग, वॅट आणि मॉडेलसह.
३. सोबतचे भाग: गॅस्केट, थिंबल, टेप, बोल्ट. फ्लँज उघडला की जुनं गॅस्केट परत बसवायचं नाही. या ओळीचा विसर पडला की तोटा दुरुस्ती करणाऱ्याच्या माथी येतो.
४. मजुरी, तासांवर: टाकी रिकामी करणं, उघडणं, गाळ काढणं, जुळवणं, चाचणी.
५. उघडल्यावर ठरणारं. गंजलेला बोल्ट तुटणं, टाकीत तडा दिसणं. याची कमाल मर्यादा आधी सांगा आणि ती ओलांडण्यापूर्वी थांबून विचारा.

मजुरीचा मोठा वाटा उघडण्या-जुळवण्यात जातो. कॉइल आज, अॅनोड दोन महिन्यांनी असं केलं तर तीच मजुरी दोनदा पडते. म्हणून झिजलेला भाग त्याच वेळी बदलण्याचा पर्याय ग्राहकासमोर ठेवा. पण काढलेला भाग दाखवून, आणि निर्णय त्याच्यावर सोडून.

दुरुस्ती की नवा, हे ठरवताना दुरुस्तीच्या खर्चाची तुलना नव्या गिझरच्या दुकानातल्या किमतीशी करू नका. जुना काढणं, नवा टांगणं, पाइप जुळवणं, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह हे सगळं मिळवा. मग वर्षांनी भागा. उदाहरणापुरतं, नवा बसवून १०० एकक पडतो आणि दहा वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला १० पडले. दुरुस्तीला ३५ लागले आणि टाकीची अवस्था बघता दोनच वर्षं मिळतील असं वाटलं, तर वर्षाला साडेसतरा. इथे दुरुस्ती महाग आहे. तीच दुरुस्ती २० मध्ये होऊन टाकी चार वर्षं टिकेल अशी असली, तर वर्षाला ५ आणि दुरुस्ती योग्य. टाकी किती टिकेल याचा अंदाज अॅनोड, गंज आणि वय यांवरून करावा लागतो, आणि तो अंदाज आहे असं ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. टाकीच गळत असेल तर हिशोब मांडायची गरज नाही. नवा घ्या.

अर्थिंग, थर्मोस्टॅट, कटआऊट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या ओळी अंदाजपत्रकात सर्वांत वर ठेवा. सवलत द्यायची असेल तर मजुरीत द्या. हे भाग वगळून स्वस्त अंदाज देऊ नका.

टप्पा ९: जुळवल्यावरची चाचणी

पाणी भरा, गरम नळातून हवा पूर्ण निघून सलग धार येईपर्यंत थांबा आणि मगच वीज द्या. हा क्रम चुकल्याने नवी कॉइल पहिल्याच मिनिटाला जळते.

क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवायच्या मीटरने) करंट मोजा. २००० वॅटला २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर, २१० व्होल्टवर सुमारे ८. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहा. मग पूर्ण एकदा तापू द्या. दिवा आपोआप विझला पाहिजे. फ्लँजभोवती पुन्हा टिश्यू गुंडाळा, कारण थंड असताना कोरडं राहिलेलं गॅस्केट गरम झाल्यावर झिरपू शकतं.

बिलावर या गोष्टी लिहून द्या: आधीचा आणि नंतरचा ओहमचा आकडा, मेगरचा आकडा, करंट, तापायला लागलेला वेळ, भाग निकामी होण्याचं कारण, आणि अॅनोड पुन्हा केव्हा पाहायचा ती तारीख. जुने भाग ग्राहकाच्या हातात द्या. घरमालक असाल तर हे आकडे मागून घ्या आणि कागद गिझरच्या वॉरंटी कार्डासोबत ठेवा. पुढच्या वेळी येणाऱ्याला टप्पा १ मधले निम्मे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.